क्विनोआ, चाकवत आणि आपलं ताट

या धान्याचं नाव कसं उच्चारायचं इथपासूनच आपल्या मंडळींत दोन तट आहेत. पाकिटावरची अक्षरं सरळ वाचणारे 'क्विनोआ' म्हणतात, आणि शाळेत जाणारी मुलं लगेच 'बाबा, कीन्वा म्हणायचं' अशी दुरुस्ती करतात. या बाबतीत मुलं बरोबर आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर राहणाऱ्या लोकांच्या केचुआ भाषेत हा शब्द साधारण 'किन्वा' असाच आहे. तरीही या लेखात मी क्विनोआच लिहिणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी तेच बसलं आहे आणि डब्यावरच्या चिठ्ठीवरही आपण तेच लिहितो.

उच्चारापेक्षा मोठे दोन तट वेगळेच आहेत. एका बाजूला, क्विनोआ खाल्ला की साखर उतरते, वजन उतरतं, कोलेस्टेरॉल उतरतं असं मानणारे भक्त. दुसऱ्या बाजूला, 'हे पक्ष्यांचं खाणं आम्हाला नको, आमचा आंबेमोहर बरा' म्हणणारे विरोधक. पॉटलकमध्ये दोन्ही पक्ष एकाच टेबलापाशी उभे असतात आणि वाद रंगतो. पण त्यात आकडे मात्र कोणाकडेच नसतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवातीलाच सांगतो, मी आहारतज्ज्ञ नाही. डॉक्टरेट आहे ती इंजिनिअरिंगमधली, आणि पोट भरतं ते सॉफ्टवेअरवर. पण काही वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत माझं ए-वन-सी ६.० आलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मोजमापानुसार ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझे वडील पन्नाशीच्या आतच मधुमेही झाले होते, त्यामुळे तो उंबरठा ओलांडल्यावर पुढची खोली कशी असते हे मी घरात पाहिलेलं आहे. डॉक्टरांनी 'भात कमी करा, होल ग्रेन्स खा' असं सांगितलं आणि कॉस्टकोतलं क्विनोआचं मोठं पाकीट आमच्या घरात आलं. मग सवयीप्रमाणे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या हिशेबातून जे हाती लागलं ते थोडक्यात असं: क्विनोआ चांगला आहे, पण तो या नाटकाचा नायक नाही. नायक दुसराच आहे आणि तो आपल्या घरात आधीपासूनच आहे. हे कसं, ते क्रमाने सांगतो.

नाव, गाव आणि गोत्र

क्विनोआचं मूळ गाव पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचं टिटिकाका सरोवर. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. तिथे रात्री गोठवणारी थंडी, दिवसा कडक ऊन, जमीन खारवट आणि पाऊस बेभरवशाचा. जिथे मका तग धरत नाही तिथे हे झाड उभं राहतं. किमान पाच हजार वर्षं तरी तिथले लोक त्याची शेती करत आले आहेत. इंका राजवटीत त्याला मोठा मान होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले, त्यांच्याबरोबर गहू आणि सातू आले आणि क्विनोआ डोंगरातल्या गरिबांचं अन्न होऊन राहिला. आपल्याकडे नाचणी-वरीचं जे झालं तेच.

१९८० च्या दशकात काही उत्साही मंडळींनी तो अमेरिकेत आणला आणि कोलोरॅडोतल्या उंच सॅन लुईस खोऱ्यात लावूनही पाहिला. १९९३ साली नासाच्या एका अहवालात लांबच्या अंतराळप्रवासासाठी योग्य पीक म्हणून त्याचा विचार झाला. पुढे बोलिव्हियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे 'आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष' जाहीर केलं आणि भाव आकाशाला भिडले. 'तुम्ही श्रीमंतांनी खायला सुरुवात केली आणि बिचाऱ्या अँडीजमधल्या माणसाच्या तोंडचा घास गेला' अशी ओरड तेव्हा झाली. पेरूमधल्या कुटुंबांच्या खर्चाचे आकडे तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना मात्र तसं दिसलं नाही. भाववाढीच्या काळात तिथल्या लोकांचं थोडं बरंच झालं होतं. खरा फटका बसला तो नंतर, जेव्हा इतर देशांतही लागवड वाढून भाव कोसळले. आपल्याकडच्या कांद्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता गोत्राविषयी. क्विनोआ हे गवतवर्गातलं धान्य नव्हे. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी ही सगळी गवतं. क्विनोआ हे एका पालेभाजीचं बी आहे. त्याचं शास्त्रीय नाव चेनोपोडियम क्विनोआ. आणि चेनोपोडियम आल्बम म्हणजे काय? आपला चाकवत! ताक आणि डाळीचं पीठ लावून जी पातळ भाजी आपल्या आया करतात, तोच. म्हणजे क्विनोआ हा चाकवताचा सख्खा चुलतभाऊ. राजगिराही याच कुळातला, थोडा दूरचा.

माझी आई मागच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आली होती. परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात उगवलेलं तण पाहून ती एकदम थांबली. म्हणाली, "अरे, हा तर चाकवत! इकडे कसा आला?" मी म्हटलं, "आई, त्याला इथे लॅम्ब्ज क्वार्टर्स म्हणतात, लोक उपटून टाकतात." त्यावर तिचं उत्तर: "टाकू देत. तू नको टाकू." संध्याकाळी ताटात चाकवताची पातळ भाजी होती आणि शेजारी क्विनोआ. एकाच कुळातले दोन भाऊ, एक पानांसाठी वाढलेला आणि एक बियांसाठी. (आमच्या वाफ्यावर कधी तणनाशक मारलेलं नाही म्हणून हा प्रयोग झाला, हमरस्त्याच्या किंवा सार्वजनिक बागेच्या कडेचा चाकवत कृपया खुडू नये.)

उपासाला चालतो का?

हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका प्रथिनांविषयी विचारला गेलेला नाही. शास्त्रार्थ मी सांगू शकत नाही, पण एक गंमत सांगतो. आपल्या उपासाच्या ताटाकडे नीट पाहा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच आणि राजगिऱ्याची लागवडही मूळ तिकडचीच. त्यातले बहुतेक पदार्थ कोलंबसानंतर आणि मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे पोचले. म्हणजे साबुदाण्याची खिचडी हा पदार्थ, तूप-जिरं सोडलं तर, जवळपास पूर्णपणे अमेरिकन आहे. धान्य नाही आणि राजगिऱ्याचा भाऊबंद आहे, या दोन कसोट्यांवर क्विनोआ उपासाला चालायला हरकत नसावी. आमच्या घरी चालतो. आपल्या घरी काय चालतं ते आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवावं.

आकडे काय म्हणतात

आता मुद्द्याचं. अमेरिकन कृषिखात्याच्या तक्त्यांतले आकडे घेऊ. एक कप शिजलेला पांढरा भात म्हणजे सुमारे २०५ कॅलरी, ४५ ग्रॅम कर्बोदकं, ४ ग्रॅम प्रथिनं आणि चोथा जेमतेम अर्धा ग्रॅम. एक कप शिजलेला क्विनोआ म्हणजे सुमारे २२२ कॅलरी, ३९ ग्रॅम कर्बोदकं, ८ ग्रॅम प्रथिनं आणि ५ ग्रॅम चोथा. शिवाय मॅग्नेशियम, लोह आणि फोलेट भातापेक्षा बरंच जास्त.

यातून दोन गोष्टी दिसतात. प्रथिनं दुप्पट आणि चोथा आठपट, ही क्विनोआची खरी जमेची बाजू. पण कॅलरी कमी नाहीत, किंचित जास्तच आहेत. आणि कर्बोदकं कमी झाली ती फक्त ६ ग्रॅम. तेव्हा 'क्विनोआ आहे, आणखी एक वाढा' असं म्हणत दोन कप भाताऐवजी दोन कप क्विनोआ खाणाऱ्याने साखरेच्या दृष्टीने फार मोठी मजल मारलेली नसते. ग्लायसेमिक इंडेक्सचा दाखला नेहमी दिला जातो. क्विनोआचा तो पन्नासच्या थोडा वर आहे. पण भाताचा निर्देशांक जातीप्रमाणे बदलतो. चिकट तांदळाचा खूप वर जातो, तर काही बासमतींचा क्विनोआच्या आसपासच असतो.

'पूर्ण प्रथिन' हाही असाच एक शब्द. आपल्या शरीराला नऊ अमायनो आम्लं आहारातून मिळावी लागतात. तांदूळ-गव्हात त्यांपैकी लायसिन कमी असतं. क्विनोआत ते बऱ्यापैकी असतं, म्हणून त्याला पूर्ण प्रथिन म्हणतात. हे खरं आहे. पण डाळींत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, तर भातात नेमकं उलट. म्हणजे वरण आणि भात एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या पूर्वजांना अमायनो आम्लं माहीत नव्हती, पण वरणाशिवाय भात वाढायचा नाही एवढं माहीत होतं. अडचण इतकीच की आजच्या ताटात भाताचा डोंगर असतो आणि वरण त्याच्या माथ्यावरच्या मंदिरापुरतं.

आता खरा हिशेब. समजा, रात्रीच्या जेवणात दोन कप भात आहे: ४१० कॅलरी, साडेआठ ग्रॅम प्रथिनं, एक ग्रॅमच्या थोडा वर चोथा. आपण दोन बदल करू. पहिला बदल: एक कप भात काढून त्याजागी एक कप शिजलेली मसुराची उसळ. मसूर एका कपात सुमारे २३० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं आणि साडेपंधरा ग्रॅम चोथा देतो. बेरीज: ४३५ कॅलरी, २२ ग्रॅम प्रथिनं, १६ ग्रॅम चोथा. दुसरा बदल: उरलेला एक कप भातही काढून त्याजागी एक कप क्विनोआ. बेरीज: साधारण ४५० कॅलरी, २६ ग्रॅम प्रथिनं, २१ ग्रॅम चोथा. (फोडणीचं तेल सगळीकडे वेगळं.)

पाहा, प्रथिनं साडेआठवरून २६ झाली. या वाढीतला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पहिल्या बदलाचा आहे आणि उरलेला क्विनोआचा. चोथ्याचंही तेच प्रमाण. नायक दुसराच आहे असं मी वर म्हटलं तो हा: उसळ. क्विनोआ हा गुणी सहकलाकार. त्याला बोलावलंत तर नाटक अधिक रंगेल. पण त्याला बोलावून नायकालाच घरी बसवलंत तर पडदा लवकर पडेल.

हे आपल्यासाठी इतकं महत्त्वाचं का

शेजारच्या गोऱ्या कुटुंबाला हा हिशेब नाही केला तरी कदाचित चालेल. आपल्याला चालणार नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा एक दीर्घ अभ्यास २०१० साली सुरू झाला. त्याचं नाव 'मसाला' आहे, आणि ते मी रचलेलं नाही. चाळीस वर्षांवरच्या या मंडळींत, वयाचा फरक हिशेबात धरूनही, मधुमेहाचं प्रमाण २३ टक्के आढळलं. अशाच पद्धतीने तपासलेल्या गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होतं. वजन बेताचं असूनही आपल्याला मधुमेह गाठतो. म्हणूनच २०१५ पासून अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी असं सांगते. 'मी कुठे जाड आहे?' हे आपल्या बाबतीत पुरेसं उत्तर नाही.

आणि आता चांगली बातमी. डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मोठ्या अमेरिकन प्रयोगात उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: ज्यांना वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करण्याचं उद्दिष्ट देऊन मदत केली गेली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. त्या प्रयोगात क्विनोआ नव्हता. चालणं होतं, बेताचं खाणं होतं आणि चिकाटी होती.

२०२४ पासून इथे साखरेचा आलेख सतत दाखवणारा सेन्सर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागला, तेव्हा मी दोन आठवडे दंडावर लावून पाहिला. एका माणसाचे दोन आठवडे म्हणजे संशोधन नव्हे, पण मला जे दिसलं ते वरच्या हिशेबाला धरून होतं. भाताचा डोंगर आणि क्विनोआचा डोंगर यांच्या आलेखांत फरक होता, पण डोंगर तो डोंगरच. सगळ्यात सपाट आलेख आला तो आधी कोशिंबीर आणि उसळ, मग थोडा क्विनोआ, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं घराभोवती फेऱ्या, या क्रमाने. आई म्हणते तीच शतपावली, फक्त पावलं शंभराहून जास्त.

रिठ्याचा फेस आणि पंधरा मिनिटं

आता स्वयंपाकघरात जाऊ. 'आम्ही एकदा करून पाहिला, कडू लागला' ही तक्रार करणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचावा. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्याचा थर असतो. पक्ष्यांनी दाणे खाऊ नयेत म्हणून झाडाने केलेला तो बंदोबस्त. आपल्या रिठ्यात जे फेस आणतं तेही सॅपोनिनच. म्हणून क्विनोआ धुताना पाण्यावर फेस दिसला तर घाबरू नये. फेस जाईपर्यंत धुवावा. 'प्री-वॉश्ड' लिहिलेल्या पाकिटातलाही मी एकदा धुतोच. त्यासाठी अगदी बारीक जाळीची गाळणी हवी. तांदूळ धुण्याच्या चाळणीतून निम्मा क्विनोआ सिंकमध्ये जातो.

धुऊन पंधरा-वीस मिनिटं भिजवावा आणि निथळावा. एक कप क्विनोआला दोन कपांना थोडं कमी पाणी. उकळी आली की आंच मंद करून झाकण ठेवावं, पंधरा मिनिटांनी गॅस बंद करावा आणि आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नये. मग काट्याने हलक्या हाताने मोकळा करावा. डावाने ढवळलात तर गिचका होतो. दाणा पारदर्शक होऊन त्यातून बारीक पांढरी शेपटी बाहेर आली की शिजला समजावा. ती शेपटी म्हणजे दाण्याचा अंकुर. ती पाहून आमच्या मुलीने पहिल्यांदा ताट दूर सारलं होतं. अंकुर म्हणजे काय हे कळल्यावर आता ती शेपट्या मोजते. इन्स्टंट पॉटमध्ये एक कपाला सव्वा कप पाणी, एक मिनिट प्रेशर आणि दहा मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यावी. एका कपाचा शिजून साधारण तीन कप होतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस नीट राहतो, त्यामुळे आमच्याकडे तो रविवारी शिजतो आणि बुधवारपर्यंत डब्यांतून फिरतो.

आपल्या पद्धतीने काय जमतं, काय जमत नाही

उपमा उत्तम होतो. मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, मिरची, आलं यांची फोडणी करून कांदा परतावा, त्यावर निथळलेला क्विनोआ घालून तीन-चार मिनिटं खमंग परतावा, मटार-गाजर घालावं आणि दुप्पट गरम पाणी ओतून झाकावं. वरून लिंबू हवंच. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीजन्य लोह अंगी लागायला मदत होते.

खिचडीत क्विनोआ आणि मुगाची डाळ समसमान घ्यावी. अर्धा कप क्विनोआ, अर्धा कप डाळ, तीन कप पाणी, हिंग, हळद, गोडा मसाला आणि कुकरच्या दोन शिट्ट्या. भाताच्या खिचडीपेक्षा थोडी रवाळ होते, पण वर तुपाची धार आणि शेजारी कढी असली की तक्रार येत नाही. डाळ निम्मी असल्याने आपला नायकही रंगमंचावर हजर असतो.

दहीभाताच्या धर्तीवर दही-क्विनोआ हा माझ्या ऑफिसच्या डब्यातला आवडता. गार झालेल्या क्विनोआत ताजं दही, किसलेली काकडी, डाळिंबाचे दाणे आणि वर मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी. मोड आलेल्या मटकीला वाफ देऊन त्यात थोडा क्विनोआ, टोमॅटो, कोथिंबीर, दाण्याचं कूट आणि लिंबू घातलं की कोशिंबीर आणि जेवण यांच्या मधला एक झकास प्रकार होतो. इथे प्रमाण दोन वाट्या मटकी, एक वाटी क्विनोआ असं ठेवावं.

इडली-डोशाच्या पिठात निम्म्या तांदळाच्या जागी क्विनोआ चालतो. एक वाटी उडीद डाळ, दीड वाटी तांदूळ, दीड वाटी क्विनोआ. आंबतंही व्यवस्थित. डोसा कुरकुरीत आणि रंगाने छान तांबूस होतो. उरलेला शिजलेला क्विनोआ भाजणीत मळून थालीपीठ लावलं तर संपतोही आणि कोणाला कळतही नाही.

जमत नाही ते असं. त्याची मूद पडत नाही आणि वरण त्याच्यात मुरत नाही. ते बाजूने वाहून जातं. तेव्हा वरण-भात-तूप-लिंबू हा संस्कार आहे तसाच ठेवावा, फक्त मूद लहान करावी. नुसत्या क्विनोआच्या पिठाची पोळी लाटता येत नाही, कारण त्यात ग्लूटेन नाही आणि चवीला ते कडवट लागतं. ज्वारीच्या पिठात पाव हिस्सा मिसळून, उकड काढून भाकरी मात्र थापता येते. आणि सणाच्या दिवशी आंबेमोहराच्या वासाशी स्पर्धा करायला त्याला पाठवू नये. त्यात दोघांचाही अपमान आहे.

दोन सूचना. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी क्विनोआतल्या ऑक्झलेटबद्दल डॉक्टरांना विचारावं. आणि जे इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी कर्बोदकं एकदम कमी करू नयेत. औषधाचं प्रमाण आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं.

घरची धान्यं

क्विनोआच्या कौतुकात आपल्या धान्यांवर अन्याय नको. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यात क्विनोआत १४ ग्रॅम प्रथिनं, राजगिऱ्यात त्याच्या अगदी जवळपास, बाजरीत सुमारे ११ आणि ज्वारीत १०. नाचणीत ७च, पण तिच्यात कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. क्विनोआत पन्नासच्या आत. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून इथल्या देशी दुकानांत ही धान्यं सहज दिसतात. ज्वारीची भाकरी आणि पिठलं हे जेवण क्विनोआच्या कोणत्याही सॅलडपुढे मान खाली घालणारं नाही, आणि खिशालाही परवडतं. ज्यांना रोज भाकरी थापायला वेळ नाही, त्यांच्यासाठी पंधरा मिनिटांत होणारा क्विनोआ ही मोठी सोय. आमच्या घरात तो त्याच कारणासाठी टिकला: चमत्कार म्हणून नव्हे, कामावरून साडेसहाला परतणाऱ्यांची सोय म्हणून.

आमच्या ताटाचा नकाशा आता असा आहे. अर्ध्या भागात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात उसळ किंवा डाळ, आणि उरलेल्या पाव भागात एक धान्य: कधी क्विनोआ, कधी भाकरी, कधी सरळ भात. इथले आहारतज्ज्ञ हाच नकाशा काढून देतात. नव्याने जन्मभर पाळायची गोष्ट एवढी एकच, आणि तिच्यात कशालाच कायमची बंदी नाही, म्हणून ती पाळली जाते. माझं ए-वन-सी गेल्या तपासणीत ५.६ आलं. त्याचं श्रेय क्विनोआला किती, उसळीला किती आणि संध्याकाळच्या चालण्याला किती, हे मी वेगळं काढू शकत नाही, आणि काढण्याची गरजही वाटत नाही.

तेव्हा मंडळी, मंडळाच्या पुढच्या पॉटलकला क्विनोआ जरूर आणा. मात्र मोठ्या पातेल्यात उसळ आणा आणि लहानात क्विनोआ.